सेक्रेटरींना सांगा, हे मेज कमिटीचं नाही

आलेलं पत्र:

"आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत मी जूनपासून सेवेला आहे. आलो तेव्हा डीकन, म्हणजे पाळकाचा मदतनीस, होतो, गेल्या महिन्यात पाळकपदाची दीक्षा झाली. आजवर प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या विधीत, दुसऱ्या पाळकांच्या मागे प्याला धरून चाललो. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मेजामागे मीच उभा असेन. हात थरथरतील, शब्द विसरतील ही भीती आहेच, पण अडचणी वेगळ्याच आहेत. मंडळीतल्या दोन चुलतभावांचं बांधावरून भांडण चालू आहे, प्रकरण कोर्टात आहे. त्यातले एक आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. ते म्हणाले, 'त्याला प्याला दिलात तर आमच्या घरची पंधरा माणसं तिथल्या तिथे उठून जातील.' दुसरं म्हणजे, एक आजी प्रभुभोजनाच्या रविवारी प्रवचन संपलं की चपला घालून घरी जातात. मुलीनं मंडळीबाहेर लग्न केलं तेव्हापासून 'माझी लायकी नाही' एवढंच म्हणतात. तिसरं, कोविडनंतर आलेले छोटे ग्लास बंद करून पुन्हा एकच प्याला सुरू करा, असा जुन्या लोकांचा आग्रह आहे. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः तरी लायक आहे का? घराच्या वाटणीपासून माझा मोठा भाऊ आणि मी बोलत नाही. काय करू? — एक तरुण पाळक"

उत्तर:

प्रिय पाळकसाहेब, सप्रेम सलाम.

(हो, मीही तुम्हाला पाळकसाहेबच म्हणणार. दीक्षा झाली की वयाचा हिशेब संपतो, आणि मी तर आता निवृत्त माणूस.)

तुमच्या पत्रातला सगळ्यांत अवघड प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत उरकून टाकला आहे. तिकडे मी सावकाश येतो. आधी सेक्रेटरींचं बघू, कारण त्यांनी तुम्हाला मुदत घालून दिली आहे.

त्यांचं सगळं ऐकून घ्या. मध्ये बोलू नका. मग शांतपणे सांगा की प्याला कुणाला द्यायचा हे ठरवायचा अधिकार त्यांना नाही, कमिटीला नाही, आणि तुम्हालाही जवळजवळ नाहीच. पंगतीत वाढपी पानावर बसलेल्या माणसाला 'तुला कुणी बोलावलं' असं विचारत नाही. पळी हातात आहे म्हणून जेवण त्याचं होत नाही. तुम्ही त्या मेजावर वाढपी आहात. आमंत्रण प्रभूचं आहे, आणि ज्या रात्री त्यानं पहिल्यांदा ते दिलं त्या रात्री त्याला धरून देणाऱ्याचा हातही त्याच मेजावर होता, असं लूक शुभवर्तमानात लिहितो. सेक्रेटरींच्या चुलतभावानं फार तर बांध कोरला असेल.

आता ते विचारतील, 'मग मंडळीला शिस्त नावाची काही गोष्ट आहे की नाही?' आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तिच्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, लोकही आले आणि येताना आपलं जुनं प्रार्थनापुस्तक घेऊन आले. १६६२ च्या त्या पुस्तकात प्रभुभोजनाच्या विधीच्या आधीच पाळकासाठी सूचना दिलेल्या आहेत. विधी वाचताना त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ज्या दोघांमध्ये वैर आणि द्वेष आहे असं पाळकाला दिसेल, त्यांना समेट होईपर्यंत मेजापाशी येऊ देऊ नये, असं ती सूचना म्हणते. इथपर्यंत सेक्रेटरी खूश होतील. पण पुढे वाचा. त्या दोघांपैकी एक जण मनापासून क्षमा करायला आणि स्वतःच्या चुकीची भरपाई करायला तयार असेल आणि दुसरा अडून बसला असेल, तर तयार असलेल्याला द्यावं, अडलेल्याला देऊ नये. आणि असं कुणाला नाकारलं तर पाळकानं जास्तीत जास्त चौदा दिवसांत वरिष्ठांना, म्हणजे आपल्या भाषेत बिशपसाहेबांना, कळवावं.

म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही हे एकट्या पाळकाच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. आणि त्या नियमानं बघायला गेलं तर आजच्या घडीला मेज कुणाला बंद होईल? 'त्याला दिलंत तर मी उठून जाईन' असं म्हणणाऱ्याला. हे सेक्रेटरींच्या तोंडावर फेकू नका. खिशात ठेवा. ते स्वतः शिस्तीचा मुद्दा काढतील तेव्हाच बाहेर काढा, आणि तेव्हाही चहा संपल्यावर.

बांध कुणाचा हे भूमी अभिलेखचा मोजणीदार सांगेल आणि कोर्ट ठरवेल. तुम्ही शेतात जाऊन दगड बघू नका, सात-बारा वाचू नका, 'तुम्हीच थोडं सोडा' असं कुणालाही म्हणू नका. भावाभावांनी कोर्टात जावं हे प्रेषित पौलाला आवडत नव्हतं, करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, त्यानं त्यावरून चांगलं झापलं आहे, पण ती वचनं घेऊन त्यांच्या ओसरीवर बसू नका. हद्दीबद्दल दोन प्रामाणिक माणसांचंही दुमत होऊ शकतं. तुम्हाला शोधायचं आहे ते वैर, आणि ते कोर्टाच्या कागदावर दिसत नाही.

म्हणून दोन्ही घरी जा, एकाच आठवड्यात. आधी सेक्रेटरींकडे, कारण ते तुमच्याकडे आले होते. दुसरीकडे आधी गेलात तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल की नव्या पाळकांनी चहा कुठे घेतला. जमलं तर दोन्ही घरी एकाच दिवशी जा. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: 'निकाल तुमच्याविरुद्ध लागला, तरी त्याच्या बाकावर बसून भाकर खाल का?' 'हो' म्हणाला तर तेवढं पुरे. ते 'हो' कितपत मनापासून आहे हे तपासायचं काम तुमचं नाही. 'नाही' म्हणाला तर त्याला सांगा, या महिन्यात या, बसा, गा, प्रार्थना करा, पण मेजापाशी येऊ नका, आणि मी पुढच्या आठवड्यात परत येईन. हे घरात सांगायचं. चारचौघांत त्याच्यासमोरून प्याला पुढे न्यायची वेळ येऊ देऊ नका. दोघेही 'नाही' म्हणाले तर दोघांनाही तेच सांगा, आणि तेव्हा बिशपसाहेबांना पत्र नक्की लिहा.

दोन गोष्टी मात्र करू नका. एक, प्रवचनात 'भाऊबंदकी' हा विषय घेऊ नका. सगळी मंडळी माना वळवून त्या दोन बाकांकडे बघेल आणि तुमचा पहिलाच रविवार तमाशा होईल. दुसरी गोष्ट, उपासनेत शांतीची सलामी देताना त्या दोघांना पुढे बोलावून मिठी मारायला लावू नका. मी सेवेत असताना एका मंडळीत असं करताना पाहिलं आहे. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, आणि चार दिवसांत विहिरीवरच्या मोटारीची वायर कापलेली सापडली. समेट लोकांना दाखवण्यासाठी केला की तो त्या दोघांचा राहत नाही.

आणि एवढं करूनही ती पंधरा माणसं उठली तर? उठू द्या. उपासना थांबवू नका, त्यांच्याकडे पाहू नका, आवाज चढवू नका. सोमवारी त्यांच्या घरी जा.

इथे थोडं मागे जातो, कारण आपण दर महिन्याला म्हणतो ते शब्द कुठून आले हे माहीत असेल तर तुमचा हात स्थिर राहील. 'ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली' ही हकिगत आज आपल्या हातात असलेल्या लेखी स्वरूपात सगळ्यांत आधी येते ती शुभवर्तमानांत नव्हे, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात. इसवी सन ५५ च्या सुमाराचं ते पत्र. आणि ती येते कशात, तर जेवणावरून चाललेल्या झाडाझडतीत. करिंथ हे बंदराचं गाव होतं, पैसा खेळणारं. रविवारची सुट्टी तेव्हा नव्हती. हमाल, दास, मजूर काम आटोपून उशिरा पोचायचे, तोवर घरच्या पैसेवाल्यांनी जेवण उरकलेलं असायचं. एक उपाशी आणि एक झिंगलेला, अशी ती सभा. पौल त्यांना विचारतो की जेवायला तुम्हाला घरं नाहीत का, की ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाजवायचं आहे? मग तो त्या रात्रीची हकिगत सांगतो, आणि पुढे ते वाक्य येतं, की जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो प्रभूच्या शरीराविषयी दोषी ठरेल. सगळ्या प्रकरणाचा शेवट तो अगदी साध्या सूचनेनं करतो: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

त्याचा राग कुणावर होता, बघा. आधी पोट भरून घेणाऱ्यांवर. उशिरा आलेल्या उपाशी माणसाला त्यानं एका शब्दानं दुखावलेलं नाही. पण आपल्या मंडळ्यांत गेली शंभर वर्षं ते वाक्य नेमकं उलट्या माणसांना ऐकवलं गेलं. ज्यांना कधी कशाची लाज वाटली नाही ते पहिल्या बाकावरून निवांत पुढे येतात, आणि तुमच्या त्या आजी चपला शोधतात.

आपल्या भागात तर हे मेज म्हणजे साधी गोष्ट नव्हतीच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावात पाणवठे वेगळे होते. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. अशा मुलखात ब्राह्मणाच्या घरातून आलेला आणि महारवाड्यातून आलेला, दोघांनी एकाच प्याल्याला ओठ लावायचे, याला केवढी छाती लागली असेल. आणि सगळीकडे ती झाली असंही नाही. तमिळ मुलखात तंजावरकडच्या मंडळ्यांत वरच्या जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत, बाकीचे नंतर. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढलं की मंडळीत जातिभेद चालणार नाही, तो ताबडतोब आणि कायमचा सोडायचा. पुष्कळ लोक रागानं मंडळी सोडून गेले. विल्सन यांनी पत्र मागे घेतलं नाही. तुमच्या पंधरा माणसांची धमकी मनात घोळायला लागली की हे आठवा. आपल्याकडेही महार-मांग हा भेद मंडळीत किती वर्षं नांदला, आणि सोयरिकी जुळवताना अजून कसा डोकावतो, हे तुमच्या सेक्रेटरींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

आता आजी.

आधी एक कार्यालयीन काम करा. मंडळीचं सभासदांचं रजिस्टर आणि कमिटीच्या ठरावांची वही काढा. मुलीच्या लग्नाच्या सुमाराची पानं वाचा. आजींना शिस्तीखाली ठेवल्याचा काही ठराव आहे का ते बघा. असेल तर तो रीतसर उठवावा लागेल. कमिटीपुढे ठेवा, बिशपसाहेबांना कळवा, आणि तोवर आजींना सांगा की काम चालू आहे. पण माझा अंदाज असा की वहीत काहीच सापडणार नाही. कुणीतरी, कदाचित एखाद्या पाळकांनी, कदाचित महिला मंडळातल्या एखाद्या बाईंनी, दारात उभं राहून एक वाक्य टाकलं असेल आणि आजींनी ते जन्मठेपेसारखं धरून ठेवलं असेल. तसं निघालं तर रजिस्टर पिशवीत घालून त्यांच्या घरी जा, पान उघडा, बोट ठेवून दाखवा: 'आजी, हे तुमचं नाव. पुढे काही लिहिलेलं नाही.' ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कोरी जागा दिसते.

मुलीच्या लग्नाचं काय सांगाल? आजी टिळकांची गीतं गात असतीलच. त्यांना विचारा, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा कधी झाला? १८९५ साली. लक्ष्मीबाईंचा? १९०० साली. मधली पाच वर्षं त्या जोडप्यातलं एक मंडळीत आणि एक मंडळीबाहेर. म्हणून टिळकांचं नाव कुणी 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातून काढलं नाही. मुलीनं केलं ते पाप आहे की नाही यावर वाद घालू नका. ते पाप असलंच तरी ते आईच्या नावावर जमा होत नाही, एवढंच बोला. मग थांबा. त्या रडतील किंवा विषय बदलतील. दोन्ही चालेल.

त्यांना घरी प्रभुभोजन देऊ का, असं तुमच्या मनात आलं असेल. ही रीत फार जुनी आहे. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की उपासनेला जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन भाकर आणि प्याला घेऊन जातात. आजारी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हे जरूर करा, आणि त्यांची यादी आजच करायला घ्या, कारण खेड्यात म्हातारी माणसं सांगत नाहीत, वाट बघतात. पण या आजी चालत देवळात येतात. त्यांना घरी देणं म्हणजे 'तुमची जागा बाहेरच' असं प्रेमानं सांगणं. त्यांना बाकावर बसू द्या. पहिल्या महिन्यात नुसत्या बसल्या, काही घेतलं नाही, तरी पुष्कळ झालं.

त्यासाठी उपासनेच्या क्रमात एक बदल करा, आणि हा बदल मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात करायला सांगतो. काही मंडळ्यांत प्रवचन आणि दानार्पण झालं की आशीर्वाद देऊन टाकतात, मग प्रभुभोजन 'ज्यांना घ्यायचं त्यांच्यासाठी' उरतं. अर्धी मंडळी उठते, मुलं पळतात, बाकांचा खडखडाट होतो. तुमच्याकडे असं चालत असेल तर आशीर्वाद शेवटी न्या. घेणारे, न घेणारे, दृढीकरण (मोठेपणी विश्वास कबूल करायचा विधी) न झालेली पोरं, नाताळला आलेला आजींचा जावई, सगळे शेवटपर्यंत बसतील. जे घेत नाहीत त्यांनी पुढे येऊन हात जोडून उभं राहावं, तुम्ही डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्या. जावयाला प्याला द्यायचा का, असं कुणीतरी विचारणारच. आपल्या मंडळीची रीत बाप्तिस्मा झालेल्यांना द्यायची आहे, ती पाळा. पण 'नाही' म्हणताना त्याच्या डोक्यावर हात असू द्या.

छोटे ग्लास की एक प्याला, यावर मी तुमचा फार वेळ घेणार नाही. छोटे ग्लास ही कोविडची देणगी नाही. रोगजंतूंची भीती पसरली तेव्हा, १८९० च्या दशकात, अमेरिकेतल्या मंडळ्यांनी ते सुरू केले. न आंबवलेला द्राक्षरससुद्धा तिकडचाच: १८६९ साली न्यू जर्सीतल्या थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्यानं, तो मेथडिस्ट पंथाचा होता, रस तापवून तो आंबू नये अशी सोय केली. एकत्र झालेल्या सहा मंडळ्यांत कुणाकडे मेजापाशी गुडघे टेकून एकाच प्याल्यातून घ्यायची रीत होती, कुणाकडे पंच, म्हणजे मंडळीतले वडील, बाकांमधून ग्लासांचा ट्रे फिरवायचे. दोन्ही बरोबर आहेत. जुन्या लोकांना सांगा, वर्षभर काही बदलणार नाही. मग बैठक घ्या. नवा पाळक आला की प्रत्येकाला आपला जुना हिशेब चुकता करून घ्यायचा असतो, आणि प्याल्याच्या मागे तोच निघायचा बराच संभव आहे. मला वैयक्तिक एक प्याला आवडतो. हे कुणाला सांगू नका.

हाताच्या थरथरीबद्दल. शब्द पाठ करू नका, पुस्तकातून वाचा. पाठ म्हणणारा पाळक आपल्या आठवणीकडे बघत असतो, मेजाकडे नाही. चारच क्रिया आहेत: घेणं, आभार मानणं, मोडणं, देणं. त्या चार ठिकाणी हात हळू चालवा, मधल्या वेळात पुस्तकावर ठेवा. प्रवचनाचा आवाज तिथे वापरू नका. घरात जेवायला बोलावताना जो आवाज असतो तो पुरतो. प्याला भरताना काठापर्यंत भरू नका, अर्ध्यावर थांबा, म्हणजे हात कापला तरी सांडणार नाही.

भाकरीचं एक बघा. तुमच्याकडे ब्रेडचे किंवा पोळीचे आधीच कापलेले चौकोन ताटलीत येत असतील. मग मोडायचं काय? तुम्ही 'मोडली' म्हणता आणि हातात इंचभर तुकडा असतो. एक अख्खी पोळी किंवा अख्खा पाव वेगळा ठेवायला सांगा, तो सगळ्यांना दिसेल असा वर धरून मोडा. मागच्या बाकावरच्या मुलांना कळलं पाहिजे की काहीतरी तुटलं.

द्राक्षरस कोण करतं ते शनिवारी जाऊन पाहा. बहुतेक घरीच होत असेल, काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून. त्या बाईंचे आभार माना, आजवर कुणी मानले नसतील. रस रात्रीच ग्लासांत ओतून ठेवत असतील तर मुंग्या येतात, म्हणून सकाळी ओता आणि वर पांढरा कपडा टाका. उरलेलं मोरीत जाऊ देऊ नका. तुम्ही आणि पंचांनी तिथेच खाऊन-पिऊन संपवा, नाही संपलं तर देवळामागच्या मातीत ओता. मागच्या खोलीत संडे स्कूलची पोरं उरलेले ग्लास रिकामे करतात, हे सगळ्या मंडळ्यांतलं उघड गुपित आहे. रागावू नका, फक्त तुम्ही त्यांच्या आधी पोचा.

देताना माणसाकडे बघा, त्याच्या डोळ्यांकडे. पण नावं घेऊ नका. नावं घेतलीत तर कुणाचं आठवेल, कुणाचं आठवणार नाही, आणि ज्याचं आठवलं नाही तो ते आयुष्यभर विसरणार नाही. सगळ्यांना तेच शब्द, तेवढाच वेळ. सेक्रेटरींनाही तेवढाच, त्यांच्या चुलतभावालाही तेवढाच.

आणि स्वतः घेताना स्वतःच्या हातानं वाढून घेऊ नका. पाळकानं आधी घ्यावं की शेवटी यावर जुन्या रिवाजांत फरक आहे, तुमच्या धर्मप्रांतात जे चालतं ते करा. पण जमेल तर पंचांपैकी एखाद्या वडीलधाऱ्यांना पुढे बोलावून त्यांच्या हातून घ्या. पाळकालाही कुणीतरी द्यावं लागतं, हे मंडळीनं पाहिलेलं बरं.

आता तुमची शेवटची ओळ.

'मी लायक आहे का' या प्रश्नाचा अर्धा भाग सोळाशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला आहे. रोमी बादशहा डायोक्लेशननं ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या काही पाळकांनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले. छळ संपल्यावर, पुढे ज्यांना डोनाटिस्ट म्हटलं गेलं त्या लोकांनी आग्रह धरला की अशा डागी लोकांच्या हातचे विधी खोटे. पुढे हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्यांना उत्तर दिलं की विधी ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो उभा नाही. अँग्लिकनांच्या एकोणचाळीस कलमांतलं सव्विसावं कलमही हेच सांगतं. म्हणजे तुम्ही भावाशी बोलत नसलात तरी त्या रविवारी मंडळीच्या हातात जे पडेल ते पूर्ण असेल. आजींना त्यात काही कमी मिळणार नाही. ही भीती काढून टाका.

उरलेला अर्धा भाग ऑगस्टीन यांच्याकडे नाही. तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे: वेदीपाशी अर्पण आणताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे याबद्दल तिथे काही म्हटलेलं नाही. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काय आहे, ते. दोन चुलतभावांना तुम्ही जो प्रश्न विचारणार आहात तो तुम्हाला कुणी विचारला तर काय उत्तर द्याल? सेक्रेटरी हुशार माणूस दिसतो. तो विचारेलच, आणि खेड्यात पाळकाच्या घरच्या वाटण्या लपून राहत नाहीत.

म्हणून त्या दोन घरी जाण्याआधी भावाला फोन करा. वाटणीचा विषय काढू नका. 'झालं गेलं विसरून जाऊ' असंही म्हणू नका, ज्याला आपला तोटा झाला असं वाटतं त्याला हे वाक्य फार लागतं. नवीन ठिकाणी आलोय, पहिल्या रविवारी पहिल्यांदा प्रभुभोजन चालवतोय, तुला सांगावंसं वाटलं, एवढं बोला. त्यानं वाटणी काढलीच तर ऐका, बाजू मांडू नका. त्यानं फोन उचलला नाही तर मेसेज पाठवा आणि चार दिवसांनी परत करा. वहिनी उचलतील कदाचित, मग त्यांच्याशी बोला. तो काहीही म्हणाला, किंवा काहीच म्हणाला नाही, तरी रविवारी तुम्ही मेजामागे उभं राहायचं आहे. तुमच्या बाजूनं तुम्ही निघालेला असाल, आणि १६६२ चा तो नियम यापेक्षा जास्त कुणाकडून मागत नाही.

भाऊ जवळपास राहत असेल तर फोनऐवजी एस्टी धरा. सेक्रेटरींकडे जायचं ते त्यानंतर.

तुमचा,
एक निवृत्त पाळक